सूत्राचे सौंदर्य आणि मेंदूचे चित्र

तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे सारंगपाणी मंदिराच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे घर आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन् (१८८७–१९२०) यांचे बालपण या घरात गेले. तंजावरच्या भोसले राजांमुळे हा मुलूख मराठी वाचकास अगदीच परका नाही. आणि पाटीवर गणिते मांडून ती कोपराने पुसणाऱ्या या मुलाची कथाही पुष्कळांच्या परिचयाची असेल. रामानुजन् यांनी १९१४ साली ‘एक भागिले पाय’ या संख्येसाठी एक अनंत श्रेणी प्रसिद्ध केली. बरोबर शंभर वर्षांनी ही श्रेणी लंडनमधील एका प्रयोगात पुन्हा पुढे आली, परंतु निराळ्याच कारणाने. गणितज्ञांपुढे ठेवलेल्या साठ सूत्रांपैकी सर्वांत सातत्याने कुरूप ठरविले गेलेले सूत्र ते हेच होय.

हा प्रयोग मज्जाशास्त्रज्ञ सेमिर झेकी, गणितज्ञ मायकेल अतिया आणि त्यांचे दोन सहकारी यांनी केला. सूत्र पाहून गणितज्ञाला होणारा आनंद आणि चित्र पाहून वा गाणे ऐकून होणारा आनंद मेंदूच्या दृष्टीने एकच आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पंधरा गणितज्ञांनी प्रथम साठही सूत्रे निवांतपणे वाचून प्रत्येकास उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत गुण दिले. त्यानंतर तीच सूत्रे पाहत असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. गणितातील पाच मूलभूत संख्यांना एका ओळीत गुंफणारे ऑयलरचे समीकरण सौंदर्यात अग्रभागी राहिले.

मेंदूचे असे चित्र मिळते तरी कसे? मज्जापेशी कामास लागल्या की त्या भागात प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू बाळगून असते तेव्हा आणि तो सोडून देते तेव्हा त्याचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. प्रबळ चुंबकाच्या पोकळीत निजलेल्या माणसाच्या मेंदूतील हा अल्पसा फरक यंत्र टिपते. म्हणजे यंत्रास विचार दिसत नाही. दिसतो तो विचारामागून आलेला रक्ताचा ओघ, आणि तोही कळसास पोचण्यास सुमारे पाच सेकंद घेतो. चित्रातील एका लहानशा चौकोनी कणात लक्षावधी मज्जापेशी सामावलेल्या असतात. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून प्रथम नोंदलेले विद्युत्‌तरंग याहून फार चपळ असतात. परंतु ते मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून आले, हे सांगणे अवघड जाते. नाडीचे ठोके आणि तळहाताचा घाम ही तर आणखी भरड साधने. भीतीने नाडी जलद होते, तशी आनंदानेही होते.

लंडनच्या प्रयोगाचे उत्तर स्पष्ट मिळाले. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या वर, मध्यरेषेलगत मेंदूच्या बाह्यकाचा एक भाग आहे. सूत्र जितके सुंदर वाटले, तितके या भागाचे कार्य वाढलेले आढळले. चित्र आणि संगीत यांतील सौंदर्यानुभवाच्या वेळी हाच भाग जागा होतो, असे झेकी यांच्या २०११ सालच्या एका प्रयोगात दिसून आले होते. अर्थात गणितातील सौंदर्य ही केवळ बोलण्याची रीत नव्हे.

येथे मात्र थोडे थांबले पाहिजे. हाच भाग रुचकर अन्नाने आणि धनलाभानेही उत्तेजित होतो. तेव्हा सौंदर्य जाणवले म्हणून हा भाग उजळला, हे विधान उलटे फिरवून, हा भाग उजळला म्हणून सौंदर्यच जाणवले, असे म्हणता येत नाही. पाऊस पडला की अंगण भिजते. परंतु अंगण भिजलेले दिसले म्हणजे पाऊसच पडला असे नाही, कोणी सडाही घातला असेल. शिवाय ‘सुंदर’ आणि ‘कुरूप’ हे शब्द यंत्राने उच्चारलेले नाहीत. ते त्या पंधरा जणांनी उच्चारले, आणि यंत्राच्या नोंदींना त्यांच्यामुळेच अर्थ आला.

हा भेद तर्कशास्त्राच्या वर्गापुरता नाही. मेंदूतील विद्युत्‌आंदोलनांवरून आरोपीस गुन्ह्याची आठवण आहे की नाही हे ठरविण्याच्या चाचण्या भारतातील तपासयंत्रणांनी वापरल्या आहेत, आणि २००८ साली पुण्यातील एका खून खटल्याच्या निकालात अशा चाचणीचा आधार घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी असे ठरविले की, संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही. संमतीने घेतली, तरी तिचा निष्कर्ष तेवढ्याने पुरावा होत नाही. घटना प्रत्यक्ष अनुभवलेली असो वा केवळ वारंवार ऐकलेली असो, तिची खूण मेंदूत उमटतेच.

आता पुन्हा त्या ‘कुरूप’ श्रेणीकडे वळू. तिचे रूप बेढब आहे, हे मान्य केले पाहिजे. ९८०१, ११०३, २६३९०, ३९६ अशा संख्या तीत कोठून आल्या याचा वाचकास थांग लागत नाही. जोडीला क्रमगुणित आणि चौथे घात. प्रयोगात गणितज्ञांना प्रत्येक सूत्र किती समजले हेही विचारले होते. समज आणि सौंदर्य यांचा मेळ बऱ्याच अंशी जुळला, पूर्णपणे मात्र नाही.

एक, वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश अशी चालणारी केरळातील माधवाची श्रेणी शाळकरी मुलासही देखणी वाटेल. परंतु रामानुजन् यांच्या श्रेणीचे पहिलेच पद पायचे मूल्य सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक देते. तेवढीच अचूकता साधण्यास माधवाच्या श्रेणीची एक कोटीहून अधिक पदे मिळवावी लागतात. पुढील प्रत्येक पदागणिक रामानुजन् यांच्या श्रेणीत सुमारे आठ अंकांची भर पडते. विल्यम गॉस्पर यांनी १९८५ साली याच श्रेणीच्या साहाय्याने संगणकावर पायचे एक कोटी सत्तर लाखांहून अधिक अंक काढले. त्यानंतर चुडनोव्स्की बंधूंनी तिच्याच धर्तीवर रचलेली श्रेणी पदागणिक चौदा अंक देते. पायचे अंक काढण्याचे अलीकडील विक्रम झाले आहेत ते तिच्यावरच. आणि दिसण्यात ती पहिलीहूनही बेढब आहे.