नगरी आजी : स्वभाव आणि सवयी

नगर जिल्ह्यातल्या आजीची पहिली ओळख म्हणजे ती काहीही टाकून देत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणं, मिठाईच्या खोक्याची सुतळी गुंडाळून ठेवणं, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणं आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत खोबरेल भरणं ही त्याची ठळक लक्षणं. पाहुण्यांनी आणलेली नवी साडी मात्र ती नेसत नाही. ती साडी ट्रंकेत जाते आणि दोन-चार वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी ओटीत निघते. कधी कधी फिरत फिरत मूळ देणाऱ्याच्याच घरी पोहोचते. घरांना दारं नसण्याबद्दल प्रसिद्ध असलेलं शनिशिंगणापूर याच जिल्ह्यात आहे, पण त्या परंपरेचा आजीच्या ट्रंकेवर काही परिणाम झालेला दिसत नाही. कुलूप ट्रंकेला आणि किल्ली कमरेला.

याला चिकटपणा म्हणणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. पश्चिमेकडचा अकोले तालुक्याचा डोंगरी भाग सोडला तर जिल्ह्याचा बराचसा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि इथे पाऊस येईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही. आज पंचाहत्तरीला आलेल्या आज्या 1972 च्या दुष्काळात ऐन विशीत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, कामावर मिळणारी सुकडी पोरांना चारली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे राज्यात रोजगार हमीचा कायदा आला, 1977 साली. घरात त्या दुष्काळाची आठवण वेगळ्या रूपाने टिकली आहे. नातवाने ताटात अर्धी भाकर ठेवली की बहात्तर साल निघतं, आणि भाकर संपेपर्यंत ते संपत नाही.

साठवण्याच्या या खोडीतलं सगळ्यात जुनं खातं बियाण्याचं. वाल, घेवडा, भोपळा, दोडका यांचं चांगलं फळ वेलावरच जून होऊ द्यायचं, बी वाळवून राखेत घोळायचं आणि गाडग्यात घालून तोंड लिंपून टाकायचं. राख दाण्याचा ओलावा शोषते आणि किडीच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते, त्यामुळे कीड सुकून मरते. आजीला हे कारण ठाऊक नसतं. गाडग्याला कुणी हात लावायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी याच सवयीतून गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंचं नाव 2018 मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर महिलांच्या यादीत आलं आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरोघरी ‘कशाला हा पसारा’ म्हणून नावं ठेवली जाणारी खोड थेट राष्ट्रपती भवनात पोहोचल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

स्वयंपाकघरात आजीचं मोजमाप चिमूट, मूठ आणि ओंजळ यांवर चालतं. मीठ किती, या प्रश्नाला ‘लागेल तेवढं’ हे उत्तर ती पूर्ण समजते. हुलग्याचे शेंगोळे शिकायला बसलेली सून अशा उत्तराने हैराण होते, पण शेंगोळे बिघडत नाहीत. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने 2020 मध्ये ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. त्यांच्या सुरुवातीच्याच कारल्याच्या भाजीला लाखो प्रेक्षक मिळाले. कारल्याकडे इतक्या लोकांना आपखुशीने बघायला लावणं आजीलाच जमू जाणे. त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅनल हॅक झालं आणि काही दिवसांत परतही मिळालं.

वैद्यकी हा स्वतंत्र विभाग आहे. ओवा, सुंठ आणि हळद यांच्यापुढचं दुखणं असेल तर ती दृष्ट मानली जाते. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, आणि नाही लागला तर फार कडक होती. दोन्ही निकाल आजीच्या बाजूने लागत असल्याने ही पद्धत आजवर कधी चुकलेली नाही.

अनोळखी माणूस आजीला मान्य नसतो. ‘कुणाची गं तू?’, ‘माहेर कंचं?’ आणि ‘मामाचं गाव?’ एवढ्या तीन प्रश्नांत पाथर्डीची मुलगी श्रीगोंद्याच्या आजीची कुणीतरी निघतेच. नातं जुळलं की पगार विचारला जातो.

वयाचा हिशेब मात्र अवघड. जन्म ‘पटकीच्या साथीनंतरचा’ किंवा ‘थोरल्या बहिणीच्या लग्नातला’ असल्याने आधार कार्डावर अनेकींचा वाढदिवस 1 जानेवारीला येतो. ज्यांचे वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर ठरले, त्यांच्यात 1 जूनची चलती आहे. योगायोगाने राज्यातली पहिली एसटीही 1 जूनलाच धावली, 1948 साली, पुणे-नगर मार्गावर. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि वर्षानुवर्षं ‘असंल साठ-सत्तर’ म्हणणाऱ्या आज्या वयाबाबत एकदम काटेकोर झाल्या. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, जामखेडजवळच्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींवरून. बसच्या पाट्या बदलल्या. कंडक्टरकडे आजी अजून नगरचंच तिकीट मागते, आणि तिला ते मिळतं. कागदावर पंचाहत्तरी न भरलेल्या आज्यांनाही मार्च 2023 पासून महिला म्हणून निम्मंच भाडं पडतं.