दारासिंग : आखाडा आणि पडदा

१९५२ हे साल कुस्तीच्या शौकिनांना खाशाबा जाधवांमुळे आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने त्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ‘संगदिल’ या हिंदी बोलपटात दारासिंग नावाचे एक पंजाबी पैलवान प्रथम पडद्यावर आले. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले आणि दारासिंग मारधाडीच्या चित्रपटांचे नायक झाले. विजयी मल्लालाही पोटासाठी दुसरी वाट धरावी लागते, ही गोष्ट दोघांच्याही चरित्रांत दिसते. दारासिंगांनी धरलेली वाट मात्र आखाड्यापासून वाटते तितकी दूर नव्हती, असे आमचे मत आहे.

दारासिंगांचा जन्म १९२८ चा, अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावचा. तरुणपणीच ते सिंगापूर-मलायात गेले व तेथे नाव कमावून परतले. १९५४ मध्ये मुंबईत टायगर जोगिंदरसिंगला हरवून ते ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले. १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्को याला नमवून राष्ट्रकुलाचे अजिंक्यवीर ठरले.

या कुस्त्यांना ‘फ्री स्टाइल’ म्हणत. हा शब्द मोठा फसवा आहे. ऑलिंपिकमधील फ्री स्टाइल म्हणजे गुण मोजून निकाल देणारी, नियमांत बांधलेली हौशी कुस्ती. मुंबईच्या भिंतींवर जिच्या जाहिराती झळकत ती दोरांच्या चौकोनात, तिकीट लावून होणारी धंदेवाईक कुस्ती. तालमीच्या लाल मातीत वाढलेले जाणकार तिला ‘नुरा कुस्ती’ म्हणून नाक मुरडीत. निकाल आधी ठरलेला असे की नाही, या वादात आम्ही पडत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. दारासिंगांचे वजन सुमारे १३० किलो. त्यांचा प्रसिद्ध प्रतिस्पर्धी किंगकाँग तर त्याहूनही कितीतरी अवजड. असला देह उचलून फळ्यांवर आपटावयाचा आणि दोघांनीही आठवड्याभरात दुसऱ्या गावी पुन्हा उभे राहावयाचे, हे साधत कसे?

ते साधते पडण्याच्या विद्येने. पडणारा हनुवटी छातीशी घेतो, म्हणजे डोके आपटत नाही. तो श्वास सोडतो आणि पाठीचा रुंद भाग एकदम टेकवितो; हात पसरून जमिनीवर आपटतो, म्हणजे आघात एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. पाडणाराही पकड शेवटच्या क्षणापर्यंत सोडीत नाही, कारण समोरच्याची मान त्याच्या हाती असते. प्रेक्षकाला दिसते ती क्रूरता. आत चाललेला असतो तो परस्परांवरचा विश्वास. आणि चित्रपटातील मारामारीचे सारे शास्त्र याहून काय वेगळे आहे?

त्या चित्रपटांची परंपरा दारासिंगांच्या आधीची. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ने १९३५ मध्ये नादिया या चाबूकधारी नायिकेला घराघरांत पोहोचविले, होमी वाडियांचा बसंत स्टुडिओ पुढे चेंबूरला उभा राहिला. अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सच्या ‘ख्वाब की दुनिया’त (१९३७) बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणसाचा भास निर्माण केला आणि त्यांचे टोपणनावच ‘काला धागा’ पडले. याच बाबूभाईंनी १९६२ मध्ये ‘किंगकाँग’मध्ये दारासिंगांना नायक केले. दोऱ्याने खुर्ची हलविणाऱ्या दिग्दर्शकाला दोरा न लावता माणूस उचलणारा नायक मिळाला! पुढच्याच वर्षी ‘फौलाद’ आला.

नामांकित नायिका पैलवानाबरोबर काम करावयास कचरत. ‘फौलाद’मध्ये मुमताज ही नवी मुलगी आली, आणि दोघांनी सोळा चित्रपट केले. पिटातल्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले, आणि समीक्षकांनी त्यांना दुय्यम ठरविले. हा शिक्का पुसून मुमताज पहिल्या पंक्तीत गेली. दारासिंगांवरचा शिक्का मात्र पुष्कळ काळ राहिला. तरी त्यांनी कुस्ती सोडली नव्हती. २९ मे १९६८ रोजी, नायक म्हणून सहा वर्षे गाजल्यावर, त्यांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझ याला हरविले. निवृत्ती घेतली ती थेट १९८३ मध्ये.

‘बजरंगबली’ (१९७६) व दूरदर्शनवरील ‘रामायण’ (१९८७-८८) यांनी त्यांना हनुमानाचे रूप दिले. ज्यांनी ‘फौलाद’ कधी पाहिला नसता, तेही आता हात जोडू लागले. जुहूच्या घरी राहणारे दारासिंग जुलै २०१२ मध्ये हृदयविकाराने अंधेरीच्या रुग्णालयात दाखल झाले. आशा संपल्यावर त्यांना घरी आणले, आणि १२ तारखेस त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. या चित्रपटांत दारासिंग उचलीत आणि फेकीत; फेकली जाणारी माणसे कोण होती? त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पडण्याची विद्या त्यांनाही तितकीच अवगत होती, आणि त्यांच्यापाशी ‘रुस्तुम’पद नव्हते. ‘शोले’त (१९७५) बसंतीचा टांगा उलटतो, तेव्हा हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या. त्या प्रसंगात त्या जखमी झाल्या. त्यांच्या जीवनावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट निघाला २०१९ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.