अमेरिकन हायस्कूलचा पहिला आठवडा
एक्स्चेंजवर अमेरिकेत गेलेली आपली मुलं सुरुवातीला कशाने गांगरतात माहितीये? घंटेने! आपल्याकडे तास संपला की शिक्षक बदलतात. तिथे शिक्षक आपापल्या खोलीतच थांबतात आणि अख्खी शाळा कॉरिडॉरमध्ये लोटते. हाताशी जेमतेम पाचेक मिनिटं. तेवढ्यात लॉकरची चकती उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे फिरवायची, पुस्तकं बदलायची आणि पुढचा वर्ग गाठायचा.

ठरलेली तुकडी नसतेच. बरेचसे विषय आपले आपण निवडायचे, त्यामुळे एकाच वर्गात दहावीची मुलगी बारावीच्या मुलाशेजारी बसलेली दिसते. गणिताच्या जोडीला सुतारकाम किंवा बँड घेता येतो आणि त्याचंही क्रेडिट मिळतं. मला ही मोकळीक फार मोलाची वाटते!

सकाळी बऱ्याच शाळांत झेंड्यासमोर प्रतिज्ञा होते. ती म्हणायलाच हवी असं नाही. सरकारी शाळांना अशी सक्ती करता येणार नाही, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९४३ मध्येच दिलाय. नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं.

२००२ साली सुरू झालेल्या केनेडी-लुगर 'येस' या एक्स्चेंज शिष्यवृत्तीवर भारतातूनही मुलं अशा शाळांत गेली आहेत. राहायचं यजमान कुटुंबात, आणि त्या कुटुंबाला यासाठी मोबदला मिळत नाही. परक्या देशातलं मूल ही कुटुंबं हौसेने घरी ठेवून घेतात.