एचपीचा चढता आलेख

● १९५९ : भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर ‘आयशर’ने फरिदाबादच्या कारखान्यात बनवला. तंत्रज्ञान जर्मन, इंजिन हवेने थंड होणारे. त्यामुळे रेडिएटरची गरज नव्हती.

● १९६३ : महिंद्राची अमेरिकेच्या ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’शी भागीदारी. त्यातून मुंबईच्या कांदिवलीत ‘बी-२७५’ बनू लागला : चार सिलिंडर, सुमारे ३५ एचपी.

● १९७४ : ‘स्वराज ७२४’ बाजारात. त्याचे मूळ डिझाइन दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, ताकद २६.५ एचपी.

● टर्बोचार्जर : धुराच्या झोताने फिरणारी ही चक्की सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबते. त्यामुळे इंजिनाचा आकार न वाढवताही जास्त डिझेल जाळून अधिक ताकद मिळवता येते.

● २०२३ : ५० एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारीपासून ‘ट्रेम-४’ हे प्रदूषण निकष लागू. ते पाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी यांत्रिक पंपाऐवजी संगणक-नियंत्रित ‘कॉमन रेल’ यंत्रणा बसवली.

खरेदीपूर्वी : १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मात्र इंजिनाची सगळी ताकद मागच्या ‘पीटीओ’ शाफ्टपर्यंत पोचत नाही. रोटाव्हेटर किंवा फवारणीचा ब्लोअर चालवायचा असेल, तर पीटीओ एचपीचा आकडा विचारा.