नायट्रो, पाणी आणि आजोबा

विक्रोळीहून आजोबांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. 2013 साली मनमोहन शेट्टींनी सुरू केलेलं हे पार्क 2022 पासून संगमनेरच्या मालपाणी कुटुंबाच्या समूहाकडे आहे. तिथली नायट्रो सुमारे 40 मीटरवरून कोसळते. घर्षण सोडलं तर वेग ताशी 100 किमी! (व्हायव्हात विचारतात, सांगून ठेवतो.)

आजोबा बसलेच नाहीत. म्हणाले, "अरे, याहून मोठी घसरगुंडी शेजारीच आहे." म्हणजे टाटांचं 1915 चं वीजकेंद्र. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली येतं. आपलाच हिशोब लावा, ताशी 350 च्या वर! त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आजोबांचीसुद्धा.

पुढची राईड हीच हवी. आपण पाण्याचा थेंब, अंधाऱ्या नळातून सुटायचं, टर्बाईनवर आदळायचं, की समोर गिरणीत दिवे लागणार. फक्त वेग जरा कमी ठेवा, आजोबांना बसायचंय.