मी वाचणार ते त्यांचं!

नाशिकला मैत्रिणीच्या चर्चमध्ये काव्यवाचन होतं. पेटी नाही, तबला नाही, कविता नुसती बोलायची. साठीच्या एक बाई ‘ख्रिस्तायन’ घेऊन उभ्या राहिल्या. निवेदक म्हणाले, “रेव्हरंड टिळकांचं महाकाव्य!” बाई थांबल्या. “त्यांनी सुरू केलं. १९१९ मध्ये ते गेले. पुढचं लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. मी वाचणार ते त्यांचं!” मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, त्याही चर्चमध्ये!

लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली ही बाई. तिची ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत-रडत वाचतो. हे काव्य मात्र नवऱ्याच्या खात्यावर जमा. (घरोघरी असंच चालतं म्हणा!) बाई सावकाश वाचत होत्या, ओट्याशी उभं राहून बोलावं तशा आवाजात. मध्येच घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढचं पान उलटलं.