वर्गात आलेला फौजदार

एखादी योजना निरुपयोगी ठरूनही सगळ्यांची लाडकी कशी राहते, या प्रश्नाने मला बरीच वर्षं पछाडलं आहे. त्याचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे अमेरिकेतलं 'डेअर'. पाचवी-सहावीच्या वर्गात गणवेशातला पोलीस, 17 धडे, ड्रग्ज न घेण्याची शपथ आणि छाती भरून लाल अक्षरं मिरवणारा काळा टी-शर्ट.

जन्म 1983चा, लॉस एंजेलिसमधला. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांचं खातं सत्तरच्या दशकापासून कोवळ्या चेहऱ्याचे पोलीस विद्यार्थी म्हणून हायस्कुलांत घुसवत असे. ते ड्रग्ज विकत घेत आणि विकणाऱ्या पोरांना पकडून देत. अटका होत राहिल्या, बाजार चालूच राहिला. मग मुलं बिघडायच्या आधीच त्यांना गाठायचं ठरलं. गेट्स काही मवाळ गृहस्थ नव्हेत. अधूनमधून ड्रग्ज घेणाऱ्यांनाही गोळ्या घालायला हव्यात, असं ते 1990मध्ये सिनेटच्या समितीपुढे म्हणाले होते. माणसं त्यांनी दिली; अभ्यासक्रम शहराच्या शाळाखात्याने.

तो बेतला शाळाखात्यातल्या आरोग्यशिक्षणतज्ज्ञ डॉ. रूथ रिच यांनी. या गोष्टीतलं सर्वांत कमी परिचित आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं पात्र हेच. त्यांनी आधार घेतला तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट स्मार्ट' या प्रयोगाचा. विल्यम हॅन्सन आणि त्यांचे सहकारी सातवीच्या मुलांवर दोन पद्धती पारखत होते. एका गटाला मित्रांचं दडपण ओळखायला आणि नकार द्यायला शिकवायचं. दुसऱ्याला निर्णय कसा घ्यावा, आपली मूल्यं कोणती, ताण कसा हाताळावा हे शिकवायचं. दोन्हींचे 12-12 तास. तिसऱ्या गटाला यातलं काहीच नाही. निकाल यायचा होता. डेअरला मात्र थांबायला सवड नव्हती. रिचबाईंच्या 17 धड्यांत दोन्ही पद्धती उतरल्या: नकाराचा सराव आला, तसे आत्मसन्मान आणि ताणही आले.

निकाल 1988मध्ये 'प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन' या नियतकालिकात छापून आला. नकार शिकलेल्या मुलांत तंबाखू, दारू, गांजा यांची सुरुवात लांबली होती. मूल्यं आणि ताण शिकलेल्या वर्गांत मात्र दोन वर्षांनंतर व्यसनाचं प्रमाण काहीच न शिकलेल्यांपेक्षा जास्त निघालं! म्हणजे डेअरने ज्या झाडाची कलमं आणली, त्याची एक फांदी किडकी असल्याचं मूळ माळ्यानेच जाहीर केलं. त्याच वर्षी अध्यक्ष रेगन यांनी राष्ट्रीय डेअर दिन घोषित केला.

भांडण पेटलं ते 1994मध्ये. संघराज्याच्या न्याय खात्यातील संशोधन संस्थेने नॉर्थ कॅरोलिनातल्या अभ्यासकांना पैसे देऊन डेअरची तपासणी करवली. त्यांनी आठ काटेकोर मूल्यमापनं एकत्र केली. व्यसनावरचा सरासरी परिणाम आला 0.06, अशा मोजमापात 0.2लाही 'लहान' म्हणतात. पैसे देणाऱ्या संस्थेने पूर्ण अहवाल छापायला नकार दिला. 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'ने निष्कर्ष छापले आणि ते छापू नयेत म्हणून डेअरने दडपण आणल्याचं नियतकालिकाकडून उघडपणे सांगण्यात आलं.

पुढचे निकाल त्याच वळणाचे. 1999मध्ये केंटकीचा अभ्यास आला. सहावीतल्या हजारेक मुलांचा विसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तर डेअर शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फरक सापडेना.

तरी डेअर टिकलं, कारण त्यात प्रत्येकाला काहीतरी मिळत होतं. मुख्याध्यापकाला फुकटचे तास, पुढाऱ्याला फोटो, आईबापांना दिलासा. आणि पोलिसाला? मुलं ज्याला बघून पळत नाहीत अशी एक जागा. शिवाय शाळांतल्या व्यसनप्रतिबंधासाठी राज्यपालांच्या हाती येणाऱ्या संघराज्याच्या निधीतला दहावा हिस्सा गणवेशातल्या पोलिसांनी शिकवायच्या कार्यक्रमांसाठी कायद्यानेच राखून ठेवला होता. कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. 'आवडलं का?' हा प्रश्न सगळे विचारत होते आणि उत्तर खरोखरच 'हो' होतं.

2009मध्ये डेअरने जुना अभ्यासक्रम सोडून ॲरिझोनातल्या मुलांच्या अनुभवांवर रचलेला नवा घेतला: नकार दे, कारण सांग, टाळ, निघून जा. पोलिसाचं भाषण कमी, मुलांचा सराव जास्त. सुधारणा खरी, पण हा अभ्यासक्रम पारखला होता माध्यमिक शाळेत. पुढे त्याची आवृत्ती धाकट्या वर्गांनाही दिली गेली आणि संशोधकांनी पुराव्याच्या तुटवड्यावर पुन्हा बोट ठेवलं.

26 जूनला आपल्याकडेही व्यसनविरोधी फेऱ्या निघतात, पोलीस शाळांत व्याख्यानं देतात. पोलिसांनी जरूर यावं. मुलांना पोलिसाची भीती न वाटणं हीदेखील कमाई आहे. ती व्यसनमुक्तीच्या खात्यावर मात्र जमा करू नये. दोन वर्षांनी त्याच मुलांना गाठून हिशेब मांडणारा माणूस पोलीसखात्याबाहेरचा हवा आणि त्याचा अहवाल, कुणाला आवडो न आवडो, छापला गेला पाहिजे.